रिकाम्या चौकोनाचा अर्थ

एखाद्या जिल्ह्याच्या नकाशावर चौकोनांची जाळी टाकावी आणि प्रत्येक चौकोनात आजवर कोणकोणत्या प्राण्यांची नि वनस्पतींची नोंद झाली आहे ते भरत जावे. थोडे चौकोन नावांनी भरून जातात, काहींत दोन-चार नावे येतात आणि बरेचसे रिकामे राहतात. या रिकाम्या चौकोनाचे दोन अर्थ संभवतात. तिथे जाऊन शोधले, पण काही सापडले नाही, हा एक. तिथे शोधायला कोणी गेलेच नाही, हा दुसरा. नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात. माणूस निदान थबकतो, कोणाला तरी विचारतो. संगणक थबकत नाही. त्याच्या लेखी रिकामे म्हणजे शून्य.

कुठले जंगल, कुठले पठार, कुठला समुद्राचा तुकडा राखायचा हे ठरवण्यासाठी आज जगभर संगणक-प्रणाली वापरल्या जातात. त्यांच्या गणिताबद्दल बरेच लिहिले जाते. त्या गणिताला खाऊ घालण्याचे तक्ते कसे तयार होतात, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. हे काम कंटाळवाणे, वेळखाऊ आणि बिननावाचे असते. पण एखादी जागा नकाशावर हिरवी होणार की खाणीला मोकळी राहणार, याचा निम्मा निकाल त्या तक्त्यांतच लागलेला असतो.

समुद्रात सुरू झालेली गोष्ट

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतचे 'ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्क' ३,४४,४०० चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे महाराष्ट्राहून मोठे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जेमतेम साडेचार टक्के भागात मासेमारीला पूर्ण बंदी होती, आणि तो भागही मुख्यतः प्रवाळाचा होता. समुद्रतळावरची गवताची कुरणे, वाळूचे नि चिखलाचे पट्टे, खोल पाण्यातले स्पंजांचे प्रदेश यांना फारसा वाटा नव्हता. उद्यानाच्या प्राधिकरणाने सगळी आखणी नव्याने करायचे ठरवले. १ जुलै २००४ रोजी नवी आखणी लागू झाली, तेव्हा पूर्ण बंदीचे क्षेत्र तेहतीस टक्क्यांवर गेले होते.

या आखणीला मदत म्हणून जे सॉफ्टवेअर वापरले गेले त्याचे नाव 'मार्क्सॅन'. कार्ल मार्क्सशी त्याचा काही संबंध नाही. 'मरीन' हा शब्द आणि 'स्पेक्सॅन' हे आधीच्या प्रणालीचे नाव, या दोहोंच्या जोडातून ते तयार झाले. इयन बॉल आणि ह्यू पॉसिंगहॅम हे त्याचे कर्ते. फिनलंडमधले 'झोनेशन' आणि अलीकडचे 'प्रायॉरिटायझर' ही त्याच कुळातली इतर नावे.

मार्क्सॅनपुढचा प्रश्न सांगायला सोपा आहे. प्रदेशाचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात काय काय आहे ते सांगा. प्रत्येक गोष्ट निदान किती राखली गेली पाहिजे ते सांगा. प्रत्येक तुकडा राखण्याची किंमत सांगा. मग कमीत कमी किमतीत सगळी लक्ष्ये पुरी करणारी तुकड्यांची निवड शोधा. सोडवायला मात्र हा प्रश्न अवघड आहे. ग्रेट बॅरिअर रीफचे सतरा हजारांहून अधिक तुकडे पाडले होते. प्रत्येक तुकडा घ्यायचा किंवा सोडायचा असे धरले तर शक्य निवडींची संख्या पाच हजारांहून अधिक अंकांची होते. त्या सगळ्या तपासणे कोणत्याच यंत्राला शक्य नाही. म्हणून मार्क्सॅन धातुकामातली एक युक्ती उसनी घेते. धातू खूप तापवून सावकाश थंड केला की त्यातले कण आपोआप चांगल्या रचनेत बसतात. त्याच धर्तीवर हे गणित सुरुवातीला वाईट बदलही स्वीकारते आणि हळूहळू चोखंदळ होत जाते. हाती येणारे उत्तर सर्वोत्तम असेलच असे नाही, पण त्याच्या जवळपासचे असते. शिवाय हेच गणित शंभर वेळा चालवता येते. शंभरांपैकी नव्वद वेळा निवडला गेलेला तुकडा टाळता येण्यासारखा नाही, हे त्यातून कळते.

हे सगळे ज्यावर उभे राहते त्या म्हणजे तीन-चार साध्या मजकुराच्या फाइली. पहिलीत तुकड्यांचे क्रमांक, त्यांची किंमत, आणि तुकडा आधीच राखीव आहे की घेताच येणार नाही याची खूण. दुसरीत प्रजाती नि अधिवास आणि प्रत्येकाचे लक्ष्य. तिसरीत कोणत्या तुकड्यात काय किती आहे. चौथीत कोणते तुकडे एकमेकांना लागून आहेत आणि त्यांची सामाईक हद्द किती लांब आहे. निवड विखुरलेली न राहता सलग व्हावी यासाठी ही शेवटची फाइल लागते.

आपला प्रश्न तिसऱ्या फाइलीत आहे. तिच्यात 'आहे' एवढेच लिहिले जाते. अमुक तुकड्यात अमुक प्रजाती नाही, अशी ओळ तिच्यात नसते. जी ओळ नाही ती शून्य धरली जाते. 'माहीत नाही' असे लिहायला त्या फाइलीत जागाच नाही.

गुण देणे आणि पूरक निवडणे

आता जरा आपल्याकडे येऊ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यावरून उठलेले वादळ मराठी वाचकाला आठवत असेल. त्यातली माहितीची बांधणी कशी होती हे मात्र फारसे चर्चेत आले नाही. समितीने घाटाचे पाच मिनिटे गुणिले पाच मिनिटे, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे सुमारे २,२०० चौकोन पाडले. प्रदेशनिष्ठ वनस्पतींची संख्या, धोक्याच्या लाल यादीतले सस्तन प्राणी, वैशिष्ट्यपूर्ण सदाहरित परिसंस्थांचे प्रमाण, फारसे न बिघडलेले जंगल, नदीकाठची झाडी, उंची आणि उतार अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले. त्यांच्या सरासरीवरून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरल्या.

ही गुणांकनाची पद्धत आहे, मार्क्सॅनची नाही. दोन्हींतला फरक एका छोट्या उदाहरणाने कळेल. समजा, तीन चौकोन आहेत. पहिल्यात सहा प्रजाती आहेत. दुसऱ्यात पाच, पण त्या पाचही पहिल्यात आहेतच. तिसऱ्यात दोनच, पण त्या दुसरीकडे कुठेही नाहीत. दोनच चौकोन राखता येणार असतील तर गुणांकन पहिला नि दुसरा निवडेल, आणि तिसऱ्यातल्या दोन प्रजाती कायमच्या जातील. मार्क्सॅनसारखी प्रणाली पहिला नि तिसरा निवडेल आणि आठही प्रजाती सांभाळेल. याला पूरकता म्हणतात. पंगतीला वाढताना पानात भाजी आहे हे पाहून आपण आमटी वाढतो, पुन्हा भाजी वाढत नाही, तसेच हे.

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांना हा फरक फार महाग पडतो. सडा सखल असतो, त्यामुळे उंचीचे गुण नाहीत. सपाट असतो, त्यामुळे उताराचे नाहीत. झाडे नसतात, त्यामुळे सदाहरित परिसंस्थेचे नि जंगलाचेही नाहीत. उरतात प्रदेशनिष्ठ वनस्पती. पण एक-दोन चौरस किलोमीटरचा सडा एक्याऐंशी चौरस किलोमीटरच्या चौकोनात बुडून जातो. समितीवर ठपका ठेवण्यासाठी हे सांगत नाही. संपूर्ण घाटभर सारख्या दर्जाची जी माहिती मिळते तीच वापरणे भाग होते, आणि अंतिम हद्दी ग्रामसभांशी बोलून ठराव्यात अशीच समितीची भूमिका होती. पुढे कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली चोवीस मीटर तपशिलाची उपग्रह-चित्रे घेतली, गाव हे एकक धरले आणि घाटाच्या सुमारे सदतीस टक्के भागाची शिफारस केली. डोंगर तेच, पण एकक आणि माहिती बदलताच नकाशा बदलला. तक्ता हा निर्णयाचाच भाग असतो, याचा याहून ठळक दाखला शोधण्याची गरज नाही.

नोंद म्हणजे काय

एका वापरण्याजोग्या नोंदीला चार गोष्टी लागतात: कोण, कुठे, केव्हा आणि कोणी पाहिले. चारही बाबतींत घोटाळे होतात आणि प्रत्येकाची जात वेगळी असते.

'कुठे'पासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिसंग्रहांत 'मलबार, कोकण वगैरे. स्टॉक्स, लॉ' अशा धाटणीची छापील लेबले लावलेले नमुने आहेत. नमुना अस्सल असतो, ओळख पक्की असते. जागा मात्र मुंबईपासून केरळपर्यंत कुठलीही असू शकते. अशी नोंद 'ही वनस्पती या पट्ट्यात होती' एवढे सांगते. तिला बळेबळे एका चौकोनात बसवू नये. जुने गावनाव असेल तर त्या गावाचा मध्यबिंदू आणि त्याभोवती 'एवढ्या किलोमीटरची अनिश्चितता' असा आकडा लिहावा. हा अनिश्चिततेचा आकडा चौकोनाच्या बाजूपेक्षा मोठा असेल, तर ती नोंद त्या जाळीसाठी निरुपयोगी ठरते. मोठ्या जाळीसाठी तीच उपयोगी पडते.

नव्या नोंदींचे आजार निराळे. १७ अंश ३० मिनिटे हे कोणी १७.३० असे लिहिले आणि संगणकाने ते दशांश समजून घेतले, तर जागा बावीस किलोमीटर सरकते. गुहागरच्या आसपासची वनस्पती जयगडला पोचते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर रत्नागिरीचा बेडूक नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. ही चूक बरी, कारण ती लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका जास्त वाईट. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांची मोजणी एका मापनप्रणालीवर होती, आजचे जीपीएस दुसऱ्या प्रणालीवर चालते. रूपांतर न करता आकडे उचलले तर जागा ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर जाते.

काही वेळा जागा मुद्दाम चुकवलेली असते. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा झाकून साधारण वीस-बावीस किलोमीटर बाजूच्या चौकोनातला कुठला तरी बिंदू दाखवतात. चोरट्या संग्राहकांपासून बचाव म्हणून हे योग्यच आहे. पण तो बिंदू खरा समजून तक्त्यात घातला तर दुर्मिळ पाल भातखाचरात जाऊन बसते, आणि सॉफ्टवेअर भातखाचर राखायला सांगते. अशा नोंदींवर झाकल्याची खूण असते. उतरवून घेताना ती खूणही सोबत घ्यायला हवी.

'कोण' हा प्रश्नही सरळ नाही. शास्त्रीय नावे बदलतात. सोमण यांनी १९६३ साली कोयनेच्या परिसरातून वर्णन केलेला भेक आधी 'ब्युफो' वंशात होता. २००९पासून तो 'झँथोफ्रायनी कोयनायेन्सिस' आहे. त्याच १९६३ साली ग्रँडिसन आणि सोमण यांनी वर्णन केलेली, कोकणच्या सड्यांवर सुट्या दगडांखाली राहणारी पाल 'टेराटोलेपिस अल्बोफॅसिएटस' होती. आज ती 'हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस' आहे. तक्त्यात दोन्ही नावे राहिली तर सॉफ्टवेअर एका पालीच्या दोन प्रजाती मोजते, दोघींना वेगळे लक्ष्य देते आणि दोघीही खऱ्यापेक्षा दुर्मिळ ठरतात. उलटही घडते. जुन्या एका प्रजातीच्या पुढे चार होतात, आणि जुनी नोंद चौघींपैकी कोणाची हे नमुना पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अशा वेळी ती नोंद वंशाच्या पातळीवर ठेवणे प्रामाणिकपणाचे. म्हणून नावांसाठी वेगळा तक्ता ठेवावा: नोंदीत लिहिलेले मूळ नाव एका रकान्यात, आजचे मान्य नाव दुसऱ्यात, आणि ही जोडी कशाच्या आधाराने लावली ते तिसऱ्यात. मूळ नाव कधीही पुसू नये. उद्या वर्गीकरण पुन्हा बदलले तर परतायला वाट हवी.

'केव्हा' हा रकाना सगळ्यांत दुर्लक्षित. चाळीस वर्षांपूर्वी जिथे बेडूक दिसला तिथे आज वसाहत असेल, तर ती नोंद इतिहासासाठी मोलाची आणि आखणीसाठी घातक. प्रत्येक जुनी नोंद आजच्या भूवापराच्या नकाशावर ठेवून पाहावी लागते.

रिकामे कशामुळे रिकामे

एवढी सगळी सफाई झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. नोंदी निसर्गात जशा पसरलेल्या असायला हव्यात तशा नसतात. त्या माणसांच्या पायवाटांप्रमाणे पसरतात. कास, आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर इथले चौकोन भरगच्च. तिथे रस्ता आहे, राहायची सोय आहे, आणि आधी कोणाला तरी काही सापडले आहे. शेजारच्या दरीतले चौकोन कोरडे. हा तक्ता जसाच्या तसा दिला तर सॉफ्टवेअर निसर्गाऐवजी अभ्यासकांच्या सहलींचे संवर्धन करील.

यावर तीन-चार उपाय आहेत. एकही पुरता नाही.

पहिला उपाय, श्रमांची नोंद. पक्षिनिरीक्षकांनी ही शिस्त बरीच अंगी बाणवली आहे. ई-बर्डवर यादी भरताना किती वेळ चाललो, किती अंतर गेलो आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का, हे विचारतात. 'सगळे लिहिले' म्हटले की यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो: शोधला, दिसला नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' या २०२३च्या अहवालात ९४२ प्रजातींविषयी काही म्हणता आले, त्यामागे याद्यांची ही शिस्त आहे. वनस्पती, बेडूक, पाली, गोड्या पाण्यातले मासे यांच्या बाबतीत अजून बहुतेक नोंदी 'सापडले ते लिहिले' अशाच आहेत.

दुसरा उपाय, अंदाजाचा नकाशा. प्रजाती जिथे सापडली तिथला पाऊस, तापमान, उंची, खडक पाहून 'अशा जागा आणखी कुठे आहेत' हे गणिताने शोधायचे. यासाठी 'मॅक्सएंट' नावाची प्रणाली फार वापरली जाते. रिकाम्या चौकोनात त्यामुळे काहीतरी येते. पण बिंदूंच्या नकाशात असलेली प्रजाती सुटण्याची चूक होते, तशी अंदाजाच्या नकाशात नसलेली प्रजाती धरण्याची चूक होते. संवर्धनात ही दुसरी जास्त महागात पडू शकते. प्रजाती जिथे नाही ती जागा राखून लक्ष्य पुरे झाल्याचे समाधान मिळते, आणि जिथे ती खरोखर आहे ती जागा सुटते. शिवाय मूळ नोंदी रस्त्याकडेच्या असतील तर गणित 'या प्रजातीला रस्ता आवडतो' असेही शिकते. त्यावर तोड म्हणून तुलनेसाठी निवडायचे बिंदूही त्याच रस्त्यांच्या आसपासचे घ्यावे लागतात.

तिसरा उपाय ग्रेट बॅरिअर रीफवाल्यांनी केला, आणि मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. एवढ्या समुद्रातल्या सगळ्या प्रजातींची माहिती मिळणार नाही हे त्यांनी आधीच मान्य केले. खोली, गाळ, प्रवाह, प्रवाळाचा प्रकार आणि जिथे होती तिथे प्रजातींची माहिती, अशी सगळी सामग्री घेऊन शास्त्रज्ञांनी पार्कचे सत्तर जैवप्रदेश पाडले: तीस प्रवाळाचे, चाळीस बाकीच्या तळाचे. नियम केला, की प्रत्येक जैवप्रदेशाचा निदान वीस टक्के भाग पूर्ण बंदीत आला पाहिजे. मग ज्या तळावर कधी कोणी पाणबुड्या उतरला नव्हता, तोही तक्त्यात शून्य राहिला नाही. तो कुठल्या तरी जैवप्रदेशाचा भाग होता आणि त्याला वाटा होता. कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे, ड्यूगाँगची कुरणे अशा नेमक्या नोंदी त्याच्या वर आल्या. पाया अधिवासाचा, त्यावर प्रजाती.

पडीक नावाचा अधिवास

अधिवास हा पाया मानला की अधिवासांची नावे कोण ठेवतो हा प्रश्न येतो. कोकणी माणूस ज्याला सडा किंवा कातळ म्हणतो त्याला सात-बारावर बहुधा पोटखराबा म्हणतात. केंद्र सरकारच्या 'वेस्टलँड्‌स ॲटलास'मध्ये 'उघडा खडकाळ प्रदेश' हा पडीक जमिनीचा एक वर्ग आहे. उपग्रहाचा दोष नाही. ढग नसतात तेव्हाच त्याला जमीन नीट दिसते, म्हणजे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. तेव्हा सडा खरोखरच काळा, कोरडा असतो. त्याचे आयुष्य जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, ढगांखाली घडते: खळग्यांत पाणी साचते, गेंद नि तेरडे फुलतात, किडे खाणाऱ्या वनस्पती येतात. लाल यादीत अतिसंकटग्रस्त असलेला आंबोलीचा भेक कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. भूवापराचा नकाशा जानेवारीचा आणि प्रजातींच्या नोंदी जुलैच्या, असा हा विजोड संसार आहे.

म्हणून आपल्या भागासाठी अधिवासांचा तक्ता करताना तयार वर्ग जसेच्या तसे उचलू नयेत. 'खडकाळ' या एका वर्गाचे निदान दोन भाग करावेत. समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटरवरचे कासचे पठार आणि किनाऱ्यालगतचे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सखल सडे, दोन्हींचा खडक जांभाच. पण पाऊस, वारा, माती नि वनस्पती वेगळ्या. एकच वर्ग ठेवून वीस टक्क्यांचे लक्ष्य दिले तर काय होईल? कास २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातल्या ३९ स्थळांपैकी एक आहे. सॉफ्टवेअर अशी वरची, आधीच राखलेली पठारे मोजून 'खडकाळ'चे लक्ष्य बरेचसे पुरे झाले असे म्हणेल, आणि खालच्या सड्यांवर चिऱ्याच्या खाणी निघाल्या तरी तक्ता तक्रार करणार नाही. एक रेघ मारून वर्गाचे दोन केले की खालच्या सड्यांना स्वतःचे लक्ष्य मिळते. संगणकाच्या दृष्टीने हा दोन मिनिटांचा बदल आहे.

लक्ष्यांचेही तसेच. वीस टक्के हा आकडा विस्तीर्ण अधिवासाला शोभतो. दोनच जागी उरलेल्या प्रजातीला वीस टक्के देणे म्हणजे ती जवळजवळ गमावणे. तिथे शंभर टक्केच लिहायला हवेत. आणि किंमत? तो रकाना सर्वांना सारखा ठेवला तर क्षेत्रफळ हीच किंमत होते. जमिनीचा बाजारभाव घातला तर नकाशा स्वस्त जमिनींकडे झुकतो. ग्रेट बॅरिअर रीफच्या आखणीत मासेमारी आणि इतर वापर कुठे किती होतो याची माहिती घेऊन, लोकांना कमीत कमी झळ बसेल असा प्रयत्न केला होता. तरीही दोन फेऱ्यांत लोकांची एकतीस हजारांहून अधिक निवेदने आली, आणि त्यांनुसार रेषा बदलल्या. सड्यावर कोणाची गुरे चरतात, कोण गवत कापतो, कोणाच्या कलमांना तिथून पाणी मिळते, हे बाजारभावात दिसत नाही. ते गावात विचारावे लागते.

'माहीत नाही'ला जागा करून देणे

फाइलीत 'माहीत नाही'ला जागा नाही, हे सुरुवातीला पाहिले. फाइलीबाहेर ती करता येते. प्रत्येक चौकोनासाठी आणखी एक रकाना ठेवायचा: इथे शोध किती झाला? किती दिवस, कोणत्या महिन्यांत, कोणत्या गटांचा? उन्हाळ्यात तीनदा जाऊन आलेला सडा वनस्पतींच्या बाबतीत न पाहिल्यासारखाच. हा रकाना भरला की रिकाम्या चौकोनांचे दोन ढीग होतात, शोधून रिकामे आणि न शोधता रिकामे.

मग गणित दोनदा चालवायचे. एकदा न शोधलेले चौकोन शून्य धरून, आणि एकदा त्यांत त्या अधिवासात एरवी आढळणाऱ्या प्रजाती आहेत असे धरून. दोन्ही नकाशे शेजारी ठेवायचे. जे चौकोन दोन्हींत निवडले जातात त्यांच्याबद्दल वाद कमी. जे दोन्हींत सुटतात त्यांची चिंताही कमी. उरतात ते, जे एका नकाशात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत. पुढच्या पावसाळ्यात कुठे जायचे याची यादी तिथे तयार मिळते. माहितीतली पोकळी लपवण्याऐवजी तिचाच नकाशा होतो. एखाद्या चौकोनात खाण किंवा प्रकल्प येऊ घातला असेल आणि तो या यादीत असेल, तर 'तिथे काही नाही' असे कोणालाही म्हणता येणार नाही. 'तिथे कोणी पाहिलेले नाही' एवढेच म्हणता येईल, आणि या दोन वाक्यांत कायद्याच्या दृष्टीनेही अंतर आहे.

हे काम करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. या प्रणाली फुकट मिळतात, नकाशांसाठी लागणारे 'क्यूजीआयएस'ही फुकट मिळते. नसते ती पावसाळ्यातली माहिती. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे आणि त्यानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. अशा नोंदवहीत स्थानिक नावे असतात, उपयोग असतात. त्या शेजारी आणखी चार रकाने आखले तर ती वही थेट आखणीच्या कामाला येते. नेमकी जागा आणि तिची अनिश्चितता. तारीख. किती वेळ शोधले. आणि चौथा, ज्याची लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त लाज वाटते तो: शोधले, पण मिळाले नाही.

आपल्याकडे न मिळालेल्या गोष्टीची नोंद करण्याची रीत नाही. फोटो मिळालेल्या फुलाचा काढतात, लेख सापडलेल्या बेडकावर लिहितात. पण आखणीच्या तक्त्यात 'दिवसभर शोधले, मिळाले नाही' ही ओळ शंभर फोटोंइतकी कामाची असते, कारण तिच्यामुळेच शेजारच्या खरोखर अज्ञात चौकोनाला अज्ञात म्हणण्याचा हक्क मिळतो.